मगरीसारखी दिसते, मावा खाते

मृगाच्या एक-दोन दमदार सरी झाल्या की अकोल्याकडच्या काळ्या वावरांत, धुऱ्याधुऱ्यानं लाल मखमली ठिपके चालू लागतात. मृगाचा किडा. तो दिसला म्हणजे आता पाऊस टिकणार, अशी खूणगाठ बरेच जण बांधतात. क्रम खरा उलटा आहे: पाऊस पडून माती भिजली, म्हणून तो वर आला. पुढे झड लागेल की उघाड पडेल, याचा त्याला पत्ता नसतो. त्याच्या भरवशावर पेरणी करू नये.

शिवाय तो कीटकच नाही. हातावर घ्या, चावत नाही. पाय मोजा, आठ भरतील. कीटकाला पाय सहा. हा कोळी-विंचवांच्या गोतातला. गंमत अशी की याच्या पिल्लांना मात्र सहाच पाय असतात आणि ती इतर कीटकांच्या अंगाला चिकटून जगतात. याच्या तेलानं लकवा बरा होतो म्हणून ते विकलं जातं. त्याला वैद्यकीय पुरावा नाही. जीव मात्र ढिगानं गोळा होतात.

त्याच सुमारास वाणी निघते, आणि तिला गोमेची बहीण समजून चपलेखाली घेतलं जातं. गोमेला शरीराच्या प्रत्येक खंडाला पायांची एक जोडी, आणि पुढची जोडी विषारी नख्यांची. वाणीला बहुतेक खंडांना दोन-दोन जोड्या; नख्या नाहीत, डंख नाही. डिवचली की वेटोळं करते, फार तर उग्र वासाचा द्रव सोडते. एरवी ती कुजका पालापाचोळाच खाते. पण म्हणून तिला अगदीच गरीब समजायचं कारण नाही: अलीकडे विदर्भात ती सोयाबीन-कपाशीचे कोवळे कोंबही कुरतडू लागली आहे.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज पऱ्हाटीत भेटतो: पानावर अळी दिसली की ती शत्रूच. मावा पडलेलं पान उलटून बघा. करडी-काळी, पिवळसर ठिपक्यांची, चिमुकल्या मगरीसारखी काटेरी अळी सरसर फिरताना दिसेल. एकेका माव्याला तोंडात धरते, चिपाड टाकते, पुढच्याकडे वळते. ही ढालकिड्याची अळी. वाढ पुरी होईपर्यंत शेकडो मावे फस्त करते. लाल-नारिंगी ढालकिडा ओळखणारेसुद्धा त्याच्या या पोराला ओळखत नाहीत. पानावर केसाएवढ्या बारीक देठांच्या टोकाला पांढुरकी अंडी दिसली, तर तीही बुरशी नव्हे. ती क्रायसोपा या मित्रकीटकाची. त्याची पिल्लं इतकी खादाड की भावंडांनाही सोडत नाहीत. अंडी देठावर असल्यानं ती जरा वाचतात. सुरुवातीलाच जहाल औषधाचा फवारा मारला की हे सगळे आधी मरतात, आणि मोकळ्या रानात पांढरी माशी बोकाळते.

‘बीटी आहे, कीड लागत नाही’ हे तर दुकानात सर्रास ऐकू येतं. बीटीतलं प्रथिन बोंडअळ्यांसाठी. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यावर त्याचा परिणाम नाही. भारतात बीटी कपाशीला 2002 मध्ये मंजुरी मिळाली, 2006 मध्ये दोन जनुकांचं वाण आलं, आणि गुलाबी बोंडअळीनं दोन्हींना दाद देणं सोडलं. तिनं कपाशी पोखरली तो 2017 चा हंगाम विदर्भ विसरलेला नाही.

ही गुलाबी अळी सुरुवातीला गुलाबी नसतेच, पांढुरकी असते. बोंडात शिरल्यावर तिचं भोकही बुजतं, त्यामुळे वरून बोंड धडधाकट दिसतं. शोधायची ती डोमकळी: न उमललेलं, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल. पाकळ्या सोडवा, आत अळी बसलेली असते. अशी फुलं तोडून नष्ट करावीत. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, तर मग फवाऱ्याचं बघावं.