पाळी गेली, पोट वाढले: आधी तपासणी, मग उपचार

आमच्या वस्तीतल्या विहारात महिन्यातून एका रविवारी सकाळी आम्ही रक्तदाब आणि साखर तपासायला बसतो. मागच्या वेळी धुणीभांडी करणारी एक ताई आली. वय ४८, पाळी जाऊन दीड वर्ष झालेले. म्हणाली, "रात्रीची भाकरी सोडली, तरी पोट सुटतच चाललंय. घरचे म्हणतात, बसून खातेस." चार घरची कामे करणारी बाई बसून खाते कधी? उपाशीपोटी साखर १४८ निघाली. दवाखान्यात नेऊन पुन्हा रक्त तपासले, तेव्हा मधुमेह असल्याचे नक्की झाले. नुसते पोट बघून घरच्यांनी तिला बोल लावले होते. साखर मात्र कोणीच तपासली नव्हती.

असे का होते?

सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असे धरतात. आपल्याकडे बहुतेक बायकांचे हे ४५ ते ५० च्या दरम्यान होते. या काळात इस्ट्रोजेन हे हार्मोन घटते. आधी मांड्या-कमरेवर बसणारी चरबी आता पोटात, यकृताभोवती साठू लागते. या चरबीमुळे इन्सुलिनचे काम नीट होत नाही. म्हणून साखर वाढते, त्याबरोबर रक्तदाब आणि कोलेस्टेरॉलही वाढू शकते. वयाने स्नायू कमी होतात. रात्री अंगातून वाफा निघून झोप मोडते, त्यानेही भूक वाढते. म्हणजे हा आळशीपणा नव्हे. पण "वयच झालं" म्हणून सोडून देण्यासारखेही नाही.

पिशवी काढली असेल तर

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. आपल्या वस्त्यांतही तिशी-चाळिशीत पिशवी काढलेल्या बायका आहेत. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली असतील, तर इस्ट्रोजेन एकदम बंद होते. हृदयाचा, हाडांचा आणि साखरेचा धोका लवकर सुरू होतो. ऑपरेशनचे कागद शोधा, अंडाशये ठेवलीत की काढलीत ते डॉक्टरांकडून वाचून घ्या. अशा बायकांनी पन्नाशीची वाट न पाहता आताच तपासणी करावी.

काय मोजायचे?

कंबर: शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध टेप लावा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर तपासणी हवीच.
उपाशीपोटी साखर: १०० च्या खाली ठीक. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. १२६ किंवा जास्त आल्यास पुन्हा तपासून खात्री करतात.
रक्तदाब: १४०/९० किंवा त्याहून जास्त वारंवार आला तर उपचार लागतात.
शिवाय कोलेस्टेरॉल आणि थायरॉइड.

सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांची साखर आणि रक्तदाब मोफत तपासतात. आशाताईंना विचारा.

औषधे कोणती?

साखरेसाठी बहुधा आधी मेटफॉर्मिन देतात. ही जुनी, स्वस्त गोळी आहे आणि तिने वजन वाढत नाही. सुरुवातीला पोट बिघडते, म्हणून जेवणाबरोबर घ्यावी. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी वजन थोडे वाढू शकते आणि जेवण चुकले तर साखर एकदम उतरते. वर्षावासात उपोसथ पाळणाऱ्या उपासिकांनी हे डॉक्टरांना आधी सांगावे.

वाफा, घाम, झोपमोड असह्य असेल तर हार्मोनची गोळी किंवा मलम मिळते. ते वजन कमी करण्याचे औषध नव्हे. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, तर ते सहसा देत नाहीत. मैत्रिणीची गोळी आपण घेऊ नये.

२०२५ मध्ये आठवड्यातून एकदा घ्यायची वजनाची इंजेक्शने भारतात आली, टिर्झेपटाइड आणि सेमाग्लूटाइड. त्यांनी भूक आणि साखर दोन्ही कमी होतात. पण मळमळ, उलट्या होतात आणि बंद केल्यावर वजन बहुधा परत चढते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. कर्ज काढून, दुकानातून परस्पर आणून टोचू नका. "महिन्यात दहा किलो" म्हणणाऱ्या पावडरीच्या डब्यांना तर हातच लावू नका.

साखर नॉर्मल आली म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ती गोळीमुळेच नॉर्मल आलेली असते.

ताटात काय?

भाकरी सोडू नका, अर्धी कमी करा आणि तिच्या जागी डाळ, उसळ, अंडे किंवा सुकट वाढा. चहातली साखर कमी करा. सगळ्यांचे झाल्यावर उरलेला भात संपवायचा, ही सवय मोडा. रोज अर्धा तास भरभर चाला. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. ७० किलोच्या बाईचे चार किलो उतरले, तरी मधुमेहाचा धोका बराच कमी होतो.

एक गोष्ट मात्र थांबवून ठेवायची नाही. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थेंबभर जरी रक्त दिसले, तरी लगेच दवाखाना गाठा.

त्या ताईची गोळी सुरू झाली. पुढच्या तपासणीला ती आली, तेव्हा तिच्यासोबत तिची जाऊ होती आणि शेजारच्या दोघी. तुम्हीही एकट्या येऊ नका. घरातल्या, शेजारच्या बायकांना घेऊन या.