कालनिर्णयावरची लाल फुली

सिडकोतल्या मावशीच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असे. दुधाच्या हिशेबाशेजारी एखाद्या चौकटीत लाल फुली दिसली, की समजायचं, त्या दिवशी अर्धशिशी. मे महिन्यात फुल्या वाढायच्या. संभाजीनगरचं ऊन डोळ्यांतून थेट कपाळात शिरतं म्हणायची. पहाटेची दूध-जिलेबी झाली, नाकात साजूक तूप झालं. मग प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट. "सगळी फेल गेली बघ!"

औषधाची चाचणी घेणारे इथेच अडवतात. फेल म्हणजे नेमकं काय? पुरेसा डोस दोन-तीन महिने घेऊनही फरक पडला नाही, किंवा दुष्परिणाम सोसवेनात म्हणून थांबवावं लागलं, तर ते फेल. आठवड्यात कंटाळून सोडलेली गोळी यात धरत नाहीत. (मावशीची एक तरी त्यातली होती.)

तसं पाहिलं तर ही तिन्ही औषधं उसनवारीची: पहिलं हृदयविकाराचं, दुसरं नैराश्याचं, तिसरं फिटचं. खास अर्धशिशीसाठी बेतलेलं प्रतिबंधक इंजेक्शन यायला 2018 उजाडलं. चेहऱ्याच्या मज्जातंतूतून सीजीआरपी नावाचं प्रथिन झिरपतं. डोकं ठणकत असताना ते मानेच्या शिरेतल्या रक्तात वाढलेलं असतं, हे एडविन्सन आणि गोड्सबी या संशोधकांनी 1990 मध्येच दाखवलं होतं. एरेनुमॅब हे इंजेक्शन त्या प्रथिनाची पेशीवरची जागाच अडवून बसतं.

दोन ते चार औषधं फेल गेलेल्या 246 प्रौढांवर त्याची 'लिबर्टी' चाचणी झाली. कुणाला खरं इंजेक्शन, कुणाला लुटुपुटीचं. टोचणाऱ्यालाही पत्ता नाही. तिसऱ्या महिन्यात अर्धशिशीचे दिवस निम्म्यावर किंवा त्याखाली आले ते खऱ्या इंजेक्शनवाल्यांत 30 टक्के लोकांचे. लुटुपुटीवाल्यांत 14. मला तर हा दुसरा आकडाच जास्त बोलका वाटतो. तो नसता, तर सगळं श्रेय इंजेक्शननेच लाटलं असतं.

अशा चाचणीत पहिले चार आठवडे नवं औषध देतच नाहीत. रोज डायरी भरायची: डोकं किती दुखलं, किती तास, वेदनाशामक घेतली का. हा शेवटचा रकाना महत्त्वाचा. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, तर ती गोळीच डोकं दुखवू लागते.

मावशीच्या कालनिर्णयावर फुल्या होत्या, गोळ्यांची खूण कुठेच नव्हती. ती पाकिटं हळदीच्या डब्यामागे असायची.