नयना, पारो, हिरकणी
लेखमाला : मराठी अभिनेत्रींच्या वाटा – भाग ७

मागच्या आठवड्यातला ‘दोघी’वरचा भाग वाचून आमच्या सोसायटीतल्या काकूंनी लिफ्टमध्येच विचारलं, ‘‘सोनाली कुलकर्णी म्हणजे आपल्या प्राधिकरणातली ना हो?’’ नाही, ती दुसरी. ‘दोघी’ची सोनाली थोरली. प्राधिकरणातली धाकटी तिच्याहून साडेतेरा वर्षांनी लहान, आणि इंग्रजीत नाव लिहिताना शेवटी दोनदा ‘ई’ लावणारी. मराठीत मात्र दोघींची नावं अक्षराअक्षरानं सारखी, त्यामुळे हा घोटाळा कायमचाच. आजचा भाग धाकटीचा.

तिचा जन्म १८ मे १९८८चा, खडकीचा. वडील लष्करात डॉक्टर, आई पंजाबी, घर निगडी प्राधिकरणात. फर्ग्युसनमधून पदवी घेतल्यावर माध्यमांचं पुढचं शिक्षण तिनं इंदिरा संस्थेत, म्हणजे आमच्या वाकडहून हायवे ओलांडला की लागणाऱ्या ताथवड्यात घेतलं. नाटकाच्या तालमी सदाशिव पेठेत आणि शूटिंग मुंबईत, अशी समजूत असलेल्या काळात कारखान्यांच्या या पट्ट्यातून एक मुलगी निघाली आणि नायिका झाली. मला याचं अप्रूप आहे आणि ते मी लपवत नाही.

सुरुवात ‘हा खेळ संचिताचा’ या मालिकेतून झाली. २००७ मध्ये केदार शिंदेंच्या ‘बकुळा नामदेव घोटाळे’त भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव अशा दोन कसलेल्या विनोदवीरांच्या मधोमध ती बकुळा म्हणून उभी राहिली. विनोदी चित्रपटात नायिकेच्या वाट्याला बहुतेक वेळा फक्त लाजणं येतं. इथं निदान शीर्षकात तरी पहिलं नाव तिचं होतं.

मग १ जानेवारी २०१० रोजी रवी जाधव यांचा ‘नटरंग’ आला.

त्या वर्षीच्या गणपतीत डांगे चौकापासून कस्पटे वस्तीपर्यंत चालत गेलं, तर ‘अप्सरा आली’ तीन-चार मंडळांच्या स्पीकरवर हमखास ऐकू यायचं. कंपन्यांच्या स्नेहसंमेलनांत, लग्नाच्या संगीतात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये तेच गाणं. शब्द गुरू ठाकूर यांचे, संगीत अजय-अतुल यांचं, नृत्यदिग्दर्शन फुलवा खामकर यांचं. (त्याच चित्रपटातली ‘वाजले की बारा’ अमृता खानविलकरची. या दोन गाण्यांचीही लोक अदलाबदल करतात.) गाणं इतकं गाजलं की सोनालीनं साकारलेली नयना कोल्हापूरकरीण त्याच्या मागे झाकली गेली. याची मला आजही चुटपुट लागते.

कारण त्या कथेची कळ नयनाच्या हातात आहे. आनंद यादवांच्या कादंबरीवरच्या या चित्रपटात गुणा कागलकर हा पैलवानी शरीराचा मजूर तमाशाचा फड उभा करायला निघतो. नयना यायला तयार होते, पण फडात नाच्या, म्हणजे बायकी हावभाव करणारा पुरुष, हवा ही तिची अट असते. नाच्या कुठंच मिळत नाही, तेव्हा गुणाच नाच्या होतो आणि त्याचं घरदार, अब्रू, सगळं पणाला लागतं. अट घालणारी बाई दुष्ट वाटली असती, तर चित्रपट कोसळला असता. फडाचे रिवाज कोळून प्यालेली, पोटासाठी नाचणारी आणि सौदा नीट समजणारी बाई सोनालीनं उभी केली, ती जेमतेम एकविसाव्या वर्षी.

चाकणच्या पुढे नाशिक रस्त्यानं गेलात की नारायणगाव लागतं. गुढीपाडव्याच्या आधी तिथं फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी ठरवायला येतात. ते व्यवहार पाहिलेल्या माणसाला नयनाची अट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

एवढ्या मोठ्या गाण्यानंतर पुढची सगळी वर्षं लोक तेच मागत राहतात. उत्सव, उद्घाटनं, पुरस्कार सोहळे, सगळीकडे नऊवारी आणि तीच गिरकी. दोन चित्रपटांमधल्या रिकाम्या महिन्यांत याच कार्यक्रमांवर घर चालतं, म्हणून ते नाकारणंही सोपं नसतं. सोनालीनं नाच सोडला नाही, पण भूमिका मात्र बदलत नेल्या. २०१२ मध्ये नितीन चंद्रकांत देसाई यांच्या ‘अजिंठा’त ती पारो झाली. लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करणारा मेजर रॉबर्ट गिल आणि पारो यांची ही कथा ना. धों. महानोरांच्या काव्यातून आलेली. खऱ्या पारोची कबर अजिंठा गावात आहे, १८५६ सालची. ‘ग्रँड मस्ती’ आणि ‘सिंघम रिटर्न्स’ हे हिंदी चित्रपटही मधल्या काळात झाले. त्यांच्यावर थांबण्यासारखं काही नाही. ‘मितवा’ (२०१५) शहरी प्रेमकथा, तर ‘पोश्टर गर्ल’ (२०१६) मुली जन्मूच न दिलेल्या गावात लग्नाला मुलगी उरली नाही, या विषयावरचा विनोदी चित्रपट.

माझ्या मते तिचं सर्वांत अवघड काम ‘हिरकणी’तलं. प्रसाद ओक यांचा हा चित्रपट २०१९च्या दिवाळीत, २४ ऑक्टोबरला आला. दुसऱ्याच दिवशी ‘हाउसफुल ४’ लागला आणि मराठी चित्रपटाला पडदे मिळण्याची नेहमीची मारामारी सुरू झाली. रायगडाचे दरवाजे बंद, तान्हं बाळ खाली घरी, आणि काळोखात कडा उतरणारी गवळण. गोष्ट पाचवीतल्या मुलालाही पाठ, शेवट सगळ्यांना ठाऊक. तरी श्वास रोखला जातो, कारण पकड चुकलेला हात आणि चाचपडणारा पाय यांवरून तिची भीती दिसते. शरीराला लागलेली नाचाची शिस्त इथं कामी आली, असं मला वाटतं.

पुढच्या वर्षी ती टीव्हीवर ‘डान्सिंग क्वीन’ची परीक्षक होती. अंगानं भरलेल्या बायकांसाठीची ती स्पर्धा. २०२१ मध्ये हेमंत ढोमे यांच्या ‘झिम्मा’त सुहास जोशी, निर्मिती सावंत यांच्यासोबत सातजणींपैकी एक होऊन ती परदेश सहलीला निघाली. लॉकडाऊननंतर त्या चित्रपटाला बायका भिशीचा गटच्या गट घेऊन जायच्या. काकूही गेल्या होत्या.

जानेवारी २०२४ मध्ये लिजो जोस पेल्लिसेरी यांच्या ‘मलैकोट्टै वालिबन’ या मल्याळम चित्रपटात ती मोहनलाल यांच्यासमोर आली. भूमिका रंगराणीची, म्हणजे पुन्हा नर्तकीच, पण या वेळी भाषा परकी. नयनाला तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

पुढच्या आठवड्यात : ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) आणि जयश्री गडकर.