वनखात्यात शिकायला आलेल्या ताईचा आठवडा

वनखात्यात शिकायला आलेली माणसे दिवसभर करतात तरी काय, असे आमच्या वाडीत पुष्कळांना वाटते. कोणी म्हणतो झाडे लावतात, कोणी म्हणतो लाकूड चोरणाऱ्यांना धरतात. २०२४ च्या मे महिन्यात माझी मावसबहीण आठ दिवस आमच्या घरी राहिली होती. ती दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होती. तिथल्या मुलामुलींना काही दिवस वनखात्याबरोबर प्रत्यक्ष काम करून शिकावे लागते. मी पाचवीची परीक्षा देऊन मोकळी होते, म्हणून तिची पिशवी धरायला रोज बरोबर गेले. एक रात्र तेवढी राहिली, ते पुढे सांगते. त्या आठवड्यात ताईने एकही झाड लावले नाही आणि कोणाला धरलेही नाही. तिने मुख्यतः मोजले.

आपल्या तालुक्यातले कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. ते सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे. भंडारदरा आणि राजूर अशी त्याची दोन परिक्षेत्रे आहेत. परिक्षेत्राचे तुकडे पाडत गेले की शेवटचा तुकडा म्हणजे बीट. एका बिटाची राखण एका वनरक्षकाकडे असते. त्यांना आपण गार्डसाहेब म्हणतो. ताई त्यांच्या हाताखाली होती.

सोमवारी रोपवाटिकेत काम होते. माती, वाळू आणि शेणखत कालवून पिशव्या भरायच्या. जांभळाची बी फळ खाल्ल्यावर लवकर लावावी लागते, ठेवली तर उगवत नाही. रोप पिशवीत फार दिवस राहिले तर मुळे आतल्या आत गोल गोल फिरतात आणि पुढे झाड नीट धरत नाही. पिशव्या भरून माझी नखे काळी झाली. बाकी तिथे विशेष काही घडले नाही.

मंगळवारी आणि बुधवारी खरी मोजणी झाली. डोंगराच्या उतारावर दोरीने दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असा चौकोन आखायचा आणि त्यातल्या प्रत्येक झाडाचा घेर टेपने मोजायचा. घेर कुठेही मोजून चालत नाही. बुंधा खाली फुगलेला असतो, म्हणून जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर मोजतात. उतार असेल तर वरच्या बाजूला उभे राहून उंची धरायची. सगळीकडे एकच उंची धरली तरच या वर्षीचे माप पुढच्या वर्षीच्या मापाशी ताडून पाहता येते. साडेचार फूट ही नेमकी माझी उंची निघाली! मग ताई मला झाडाला टेकून उभी करी आणि माझ्या डोक्यावरून टेप फिरवी. गार्डसाहेब खूप हसले.

मोठी झाडे झाली की त्याच चौकोनात एक मीटरचे लहान चौकोन आखून, गुडघ्यावर बसून, बोटभर उंचीची रोपे मोजायची. हे काम फार किचकट. पण ताई म्हणाली, जंगलाची तब्येत मोठ्या झाडांवरून कळत नाही, रोपांवरून कळते. आम्ही दोन उतार मोजले. एकावर मागच्या उन्हाळ्यात वणवा गेला होता, दुसऱ्यावर नव्हता. लांबून दोन्ही सारखेच दिसत होते. ऐनाची साल जाड आणि मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, त्यामुळे गवताच्या आगीतून मोठा ऐन सहसा वाचतो. वणवा न गेलेल्या उतारावर रोपे मोजता मोजता माझे पाय दुखायला लागले. जळालेल्या उतारावर चौकोनामागून चौकोन रिकामे निघाले. म्हणजे म्हातारी झाडे आहेत, पण त्यांची पोरे नाहीत. असा डोंगर पन्नास वर्षे हिरवा दिसेल आणि मग एकदम उघडा पडेल. हे मला आधी ठाऊक नव्हते. मी समजत होते, पावसात सगळे परत येते.

गुरुवारी बुद्धपौर्णिमा होती. त्या रात्री महाराष्ट्रात ठिकठिकाणी पाणवठ्याजवळ मचाणावर बसून जनावरे मोजतात. मे महिन्यात पाणी थोड्याच जागी उरते आणि पौर्णिमेला उजेड असतो, म्हणून हा दिवस. मला काही नेले नाही. मी रडले, पण उपयोग झाला नाही. रात्रभर बोलायचे नाही, खोकला आला तरी दाबायचा, असे असते म्हणे. ताईला दोन रानडुकरे आणि एक साळिंदर दिसले. बिबट्या दिसला नाही. अशी मोजणी पक्की नसते, कारण एकच डुक्कर दोनदा पाणी प्यायला येऊ शकते.

बिबट्या मोजण्याची चांगली रीत वेगळी आहे, आणि ती आपल्या अकोल्यातच वापरली गेली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सोबत्यांनी अकोल्याच्या आसपास उसाच्या आणि शेतांच्या मुलखात आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावले होते. प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे असतात, त्यावरून तो ओळखता येतो. २०१३ साली त्यांचा अभ्यास छापून आला. शंभर चौरस किलोमीटरमध्ये सुमारे पाच मोठे बिबटे आणि जवळपास तेवढेच तरस निघाले. तिथे तर जंगलही नाही! बिबट्याच्या खाण्यात सर्वांत जास्त कुत्री सापडली. आमच्या आजोबांना हे सांगितले, तर ते म्हणाले, "हे तर आमच्या मोत्यालाबी ठावं हाये."

शनिवारी दुपारी वरच्या अंगाला धूर दिसला. कोणाचा तरी राब भाजताना ठिणगी उडाली आणि बांधावरचे गवत पेटले. वाडीतली माणसे, गार्डसाहेब आणि ताई धावले. आम्ही पोरे खालून हंडे पोहोचवत होतो. डोंगरावर हंड्याच्या पाण्याने कितीसे भागणार? ओल्या डहाळ्यांनी झोडपून आणि पुढचे गवत काढून टाकून आग अडवतात. ती जंगलात शिरण्याआधी विझली. खाली मोबाइलला रेंज आली तेव्हा गार्डसाहेबांना उपग्रहाचा निरोप मिळाला. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहाला कुठे उष्णता दिसली ते मोबाइलवर कळवते. गावातला कोणीही त्यासाठी नाव नोंदवू शकतो. पण उपग्रह आपल्या डोक्यावर बसून नसतो, दिवसातून थोड्याच वेळा वरून जातो. धूर आधी गुराख्यालाच दिसतो.

त्या रात्री आमच्या ओट्यावर बोलणे निघाले. आजी चिडली होती. "राब भाजल्याबिगर रोप यील का? आम्ही काय जंगलाचे वैरी हाये का?" ताई शांतपणे म्हणाली, राब बंद करा असे मी म्हणतच नाही. राब भाजला की तणाचे बी जळते आणि राखेचे खत होते, हे आमच्या पुस्तकातही आहे. फक्त दुपारच्या वाऱ्यात नको. भोवती गवत काढून मोकळा पट्टा करा, संध्याकाळी वारा पडल्यावर पेटवा, पाणी आणि डहाळ्या जवळ ठेवा, गार्डसाहेबांना आधी सांगा आणि राख गार होईपर्यंत दोघे जण तिथून हलू नका. आजी म्हणाली, "आणि वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवायचा, म्हंजी सावकाश जळतो न् माती चांगली तापती. हे नाही का तुझ्या पुस्तकात?" ताईने वही काढून तेही लिहून घेतले.

रविवारी संध्याकाळी आमचा राब भाजला. सकाळपासून मी, आई आणि ताईने भोवतीचे गवत उपटले होते. काकांना हे पटले नव्हते. एवढ्या वेळात दुसरे वावर झाले असते, असे ते म्हणत होते, आणि तेही खोटे नव्हते. राब रात्रीपर्यंत धुमसत होता. आजी आणि काका तिथेच बसून राहिले. ताईने मोकळ्या पट्ट्याची रुंदी चारही बाजूंनी टेपने मोजली. आजी म्हणाली, "हिला मोजल्याबिगर करमतच नाही."