एलएफपी बॅटरीची टक्केवारी का चुकते?

इलेक्ट्रिक गाडी घेताना सगळे रेंज विचारतात, बॅटरीची केमिस्ट्री फार कमी जण विचारतात. खरं तर आधी तीच विचारायला हवी! नेक्सॉन ईव्हीत असते ती एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. जॉन गुडइनफ यांच्या गटाने 1997 साली टेक्सासमधून या पदार्थावरचं संशोधन प्रसिद्ध केलं. फॉस्फरस-ऑक्सिजनचा बंध घट्ट असल्याने सेल तापला तरी ऑक्सिजन सहजी सुटत नाही. निकेल-कोबाल्टवाल्या सेलपेक्षा आगीचा धोका कमी. आपल्या उन्हाळ्यात हे फार मोलाचं आहे.

पण अडचण वेगळीच आहे. एलएफपी सेल साधारण 3.2 व्होल्टचा, आणि चार्ज 80 टक्के असो वा 30, व्होल्टेज जेमतेम हलतं. मग बीएमएसने, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिमने, चार्ज ओळखायचा कसा? आत-बाहेर जाणारा करंट मोजून. त्यात बारीक चुका साचत जातात. पूर्ण चार्ज होत आला की मात्र व्होल्टेज झपकन चढतं, तिथेच हिशेब दुरुस्त होतो, आणि बऱ्याच गाड्यांत सेल बॅलन्सिंगही तिथेच होतं. म्हणूनच टेस्ला एलएफपी गाड्या आठवड्यातून एकदा तरी 100 टक्के चार्ज करायला सांगते. ‘80च्या वर नकोच’ हा सल्ला निकेलवाल्यांसाठी ठीक. एलएफपीला सरसकट लावू नका.

वजनाच्या मानाने ऊर्जा कमी, ही उणीव आहेच. त्यावर बीवायडी कंपनीने 2020 मध्ये ब्लेड बॅटरी आणली: लांबट, पातळ सेल, मधली मॉड्यूल्स काढून थेट पॅकमध्ये. मला हा उपाय फार आवडतो. केमिस्ट्री तीच, जागा वाचवली ती रचनेने.

तुमच्या गाडीत कोणती केमिस्ट्री आहे?