‘तू तिथं गेलीसच कशाला?’

लैंगिक अत्याचारानंतर पेडणे-डिचोलीत काय नि दोडामार्ग-सावंतवाडीत काय, बाईच्या वाट्याला बहुतेकदा हाच प्रश्न येतो. पुढे तो कुणी विचारावाही लागत नाही. ती स्वतःच स्वतःला विचारत राहते. झोप उडते, घास उतरत नाही, माणसं नकोशी होतात.

‘मी ओरडले का नाही?’ हा सल तर वर्षानुवर्षं टोचतो. पण भीतीने अंग थिजतं, आवाज फुटत नाही. ती शरीराची प्रतिक्रिया आहे, संमती नव्हे. 2021 मध्ये म्हापशातल्या एका गाजलेल्या खटल्याच्या निकालात तक्रारदार महिलेच्या घटनेनंतरच्या वागण्यावर शेरे आले, तेव्हा देशभर टीका झाली. दुःख दाखवायची ठरलेली रीत नसते. कुणी रडते, कुणी दुसऱ्या दिवशी कामावर जाते.

मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये स्व-करुणेची मांडणी केली: स्वतःशी मायेने वागणं, असं सोसणाऱ्या आपण एकट्याच नाही हे ओळखणं, वेदना न दाबता पण तिच्यात न बुडता तिच्याकडे पाहणं. बोलायला सोपं आहे म्हणा! सुरुवात अशी करता येते: हेच मैत्रिणीवर ओढवलं असतं तर तिला काय सांगितलं असतं? तेच स्वतःला सांगायचं.

यात गुन्हेगाराला माफी नाही. तक्रार कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही. सीमेवरच्या बायकांना हे ठाऊक हवं. सरकारी असो वा खासगी, हॉस्पिटलने उपचार मोफत द्यायचे असतात. मानसोपचारासाठी बांबोळीत सरकारी संस्था आहे. फोनवर बोलायचं तर टेली-मानस 14416, महिला हेल्पलाइन 181.