विसण न लागणारं पाणी

वाईच्या आमच्या घरात न्हाणीघराच्या दाराशी तांब्याचा बंब असायचा. मधल्या नळीत लाकडं, चिपाडं, नारळाच्या करवंट्या, भोवती पाणी. आजी पहाटे बंब पेटवायची आणि पाणी कढत झालं की घंगाळात काढून त्यात विसण घालायची. पौषात तांब्याभर विसण पुरायचं, चैत्रात अर्धी बादली लागायची. बंब मात्र बारा महिने तसाच धडधडायचा. हवेचा अंदाज घेतला जायचा तो घंगाळापाशी, बंबापाशी कधीच नाही.

हे आठवलं ते स्टुटगार्टला, एका तळघरात. आम्ही राहतो ती इमारत १९६०च्या दशकातली, तीन कुटुंबांची. तळघरात गॅसवर चालणारा बॉयलर आहे. तो पाणी तापवतो, पंप ते तिन्ही मजल्यांवरच्या रेडिएटरांत फिरवतो आणि उष्णता देऊन झाली की पाणी खाली परततं. पहिल्या हिवाळ्यात एकदा मी खाली गेलो तेव्हा बॉयलरच्या पडद्यावर ७० हा आकडा होता. बाहेर दहा अंश होते, ऑक्टोबरातली सौम्य संध्याकाळ. जानेवारीत पुन्हा गेलो, बाहेर उणे सहा. पडद्यावर तेच ७०. वर घरात रेडिएटरला हात लावला तर चटका बसायचा, मग थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह मिटायचा, रेडिएटर थंड पडायचा, अर्ध्या तासाने पुन्हा चटका. ७० अंशांचं पाणी करायचं आणि मग खोलीखोलीत ते अडवत बसायचं. विसण घालण्याचाच हा प्रकार होता, फक्त घंगाळ दिसत नव्हतं.

बाहेरच्या हवेप्रमाणे बॉयलरच्या पाण्याचं तापमान ठरवण्याची सोय त्या बॉयलरमध्ये होती. बाहेरच्या भिंतीवर सेन्सरही होता. कुणीतरी कधीतरी ती सोय बंद करून ठेवली होती. ती चालू करून नीट लावायला मला जवळजवळ एक हिवाळा लागला, आणि त्या काळात जे समजलं ते इथे मांडतो आहे. युरोपात राहणाऱ्या पुष्कळ मराठी घरांच्या तळघरात किंवा स्वयंपाकघरातल्या कपाटात असाच बॉयलर आहे, आणि त्यावरचा आकडा कुणीच बघत नाही.

सुरुवात घरापासून करू. घरातून उष्णता किती निसटते हे मुख्यत्वे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. आत २० अंश हवेत आणि बाहेर उणे १२ असेल तर फरक ३२ अंशांचा. समजा अशा रात्री एका घराला ८ किलोवॉट उष्णता लागते. बाहेर शून्य अंश झाले की फरक २० वर येतो आणि गरज ५ किलोवॉटवर. बाहेर १० अंश असतील तर अडीच किलोवॉट पुरतात. उणे १२ची रात्र वर्षातून एखादी येते, एखाद्या वर्षी येतही नाही. हिवाळ्याचे बहुतेक दिवस शून्य ते दहाच्या मधले. तरी रेडिएटर आणि पाण्याचं तापमान ठरवतात ते त्या एका रात्रीसाठी, आणि ते बरोबरच आहे. फक्त बाकीच्या दिवशी तेवढं गरम पाणी लागत नाही.

मग किती लागतं? इथे रेडिएटरचा स्वभाव कळायला हवा. पाणी आणि खोली यांच्या तापमानातला फरक निम्मा केला तर रेडिएटरची उष्णता निम्मी होत नाही, साधारण ४० टक्क्यांवर येते. कारण गरम रेडिएटर हवेला जोराने वर ढकलतो आणि स्वतःभोवतीचा वारा स्वतःच वाढवतो. कोमट झाला की तो वाराही मंदावतो. हिशोबात हे १.३ या घातांकाने धरतात. आपल्या नमुन्याच्या घरात उणे १२ला ७० अंशांचं पाणी जातं आणि ५५ला परत येतं असं धरलं, तर त्याच रेडिएटरांवर उणे ५ला ६१ अंश पुरतात, शून्याला ५४, पाचला ४७ आणि दहाला ४०. हे आकडे कागदावर मांडून जोडले की किंचित वाकलेली रेघ मिळते. सौम्य हवेत ती जास्त चढी असते, कडाक्यात थोडी सपाट होत जाते. वाक येतो तो त्या १.३मुळे. जर्मनीतले कारागीर या रेघेला हाइत्सकुर्वे म्हणतात, इंग्रजीत हीटिंग कर्व्ह. मी इथे नुसतं रेघ म्हणेन.

यंत्राचा भाग साधा आहे. घराच्या बाहेर, शक्यतो उत्तरेच्या किंवा वायव्येच्या भिंतीवर, काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी पांढरी डबी असते. आत एक छोटा रोधक. थंडी वाढली की त्याचा विद्युत्‌रोध वाढतो. नियंत्रक तो मोजतो, रेघेवर त्या तापमानाशी जुळणारा आकडा शोधतो आणि बॉयलरला तेवढंच पाणी तापवायला सांगतो. डबीची जागा मात्र फार महत्त्वाची. सकाळचं ऊन पडलं, खाली स्वयंपाकघराची खिडकी उघडत असली किंवा बॉयलरचं धुराडं जवळ असलं, तर डबीला बाहेर वसंत आल्यासारखं वाटतं आणि सगळं घर गारठतं. आमची डबी भिंतीवर योग्य जागी होती, पण तिच्याभोवती वेल वाढला होता. तो कापला आणि आकडा दोन अंशांनी खाली आला.

चांगला नियंत्रक बाहेरच्या क्षणाक्षणाच्या तापमानामागे धावत नाही. विटांच्या जाड भिंतीला बाहेरची थंडी कळायला तास लागतात, म्हणून तो मागच्या काही तासांची सरासरी घेतो. बांधकाम जड की हलकं हे बऱ्याच नियंत्रकांत सांगता येतं. आणि बाहेर ठरावीक मर्यादेपेक्षा, साधारण १५ ते १७ अंशांपेक्षा, ऊब वाढली की तो रेडिएटरांचा पंपच थांबवतो.

आता प्रश्न असा की एवढा खटाटोप कशासाठी? व्हॉल्व्ह खोली सांभाळतातच की. याचं उत्तर बॉयलरच्या पोटात आहे, आणि मला या विषयातला सगळ्यात देखणा भाग तोच वाटतो.

नैसर्गिक वायू जळताना पाणी तयार होतं. एक घनमीटर वायूमागे जवळपास दीड लिटर. ते वाफ होऊन धुराबरोबर जातं, आणि वाफ करण्यात गेलेली उष्णताही सोबत जाते. धुराचं तापमान साधारण ५५ अंशांच्या खाली आणलं तर वाफेचं पुन्हा पाणी व्हायला लागतं आणि ती उष्णता परत मिळते. जुन्या ओतीव लोखंडाच्या आणि पोलादाच्या बॉयलरांत हे होऊ देणं घातक होतं. ते पाणी आम्लधर्मी असतं, लोखंड खातं. म्हणून जुना बॉयलर मुद्दाम गरम ठेवत आणि सौम्य हवेत रेडिएटरांकडे जाणाऱ्या कढत पाण्यात परतीचं थंड झालेलं पाणी मिसळत. त्यासाठी नळांच्या जोडावर चार तोंडांचा व्हॉल्व्ह असे आणि बाहेरच्या हवेप्रमाणे तो फिरे. म्हणजे शब्दशः विसण. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या नव्या बंबात विसण लागणार नाही एवढंच तापवायचं, असंच ना रे?" मी इतक्या थोडक्यात कधी सांगू शकलो नव्हतो.

आजचा कंडेन्सिंग बॉयलर अगदी उलट मागतो. त्याचं पोट स्टेनलेस स्टीलचं किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं, ते आम्ल सोसतं, आणि धुरातलं पाणी आत जितकं जास्त गळेल तितकं चांगलं. त्या वाफेत नैसर्गिक वायूची सुमारे अकरा टक्के जास्तीची उष्णता असते. ती मिळणार की नाही हे परतीच्या पाण्यावर ठरतं. परतीचं पाणी ६० अंशांचं असेल तर काहीच गळत नाही, ५०ला थोडं, ३५ला पुष्कळ. एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी: पाणी ७०लाच ठेवलं आणि व्हॉल्व्हनी प्रवाह खूप बारीक केला, तर परतीचं पाणी तसंही थंड होऊ शकतं. पण बऱ्याच बॉयलरांत किमान प्रवाहासाठी बायपास असतो. व्हॉल्व्ह मिटत गेले की गरम पाणी त्यातून तसंच मागे फिरतं. शिवाय तळघरातले नळ दिवसभर ७० अंशांनी तळघरच तापवत राहतात.

जर्मनीत २०२०च्या इमारत ऊर्जा कायद्यानुसार सेंट्रल हीटिंग बसवताना बाहेरच्या तापमानाप्रमाणे किंवा तशा दुसऱ्या योग्य मापाप्रमाणे, आणि वेळेप्रमाणे, आपोआप चालणारं नियंत्रण लागतं. त्याआधीच्या नियमांतही ते होतं. नियम नियंत्रक बसवून घेतो. रेघ त्या घराची आहे की नाही हे बघायला कुणी येत नाही. कारखान्यातून येते ती रेघ बहुधा चढी असते, आणि बसवणारा तिला हात लावत नाही, कारण गारठलेलं गिऱ्हाईक फोन करतं, जास्त गॅस जाळणारं करत नाही. २०२२च्या हिवाळ्यात गॅसच्या किमती भडकल्या तेव्हा जर्मन सरकारने इमारतींचे गॅसचे बॉयलर तपासून घ्यायला लावले, आणि त्या तपासणीत पाण्याचं तापमान नीट लावलं आहे का हेही होतं. पुष्कळांनी त्या वर्षी आपला बॉयलर पहिल्यांदा उघडून पाहिला.

रेघ लावताना हातात दोनच गोष्टी असतात: चढ आणि उंची. चढ म्हणजे बाहेर एक अंश थंडी वाढली की पाणी किती अंश वाढायचं. रेडिएटरांच्या घरात हा आकडा १ ते दीडच्या आसपास असतो. फरशीखालून तापणाऱ्या घरात कडाक्यालाही ३५ अंश पुरतात, तिथे अर्ध्याच्याही खाली. उंची म्हणजे अख्खी रेघ जशीच्या तशी वर किंवा खाली सरकवणं. कधी काय हलवायचं हे घरच सांगतं. प्रत्येक हवेत थोडं गारच वाटत असेल तर उंची वाढवा. दहा अंशांना ठीक आणि उणे पाचला गार, तर चढ कमी पडतो आहे. कडाक्यात छान आणि ऑक्टोबरात गार, तर उंची वाढवून चढ कमी करायचा. या तिसऱ्या लक्षणात माणसं हमखास चुकतात. ऑक्टोबरात गार वाटलं म्हणून चढ वाढवतात आणि जानेवारीत घराची भट्टी होते.

मी पहिल्या आठवड्यात चढ आणि उंची दोन्ही एकदम खाली आणले. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या आजी शाल पांघरून दारात उभ्या. त्यांची माफी मागितली आणि मग शहाण्यासारखं केलं: एका वेळी एकच बदल, चढ ०.१ने, आणि मग दोन-तीन दिवस थांबायचं. घराच्या भिंती सावकाश निवतात, आज केलेला बदल उद्या संध्याकाळी कळतो. वहीत रोज सकाळी सहा आकडे लिहायचे: बाहेरचं तापमान, जाणारं पाणी, परतीचं पाणी, तिन्ही मजल्यांवरच्या एकेका खोलीचं तापमान. ज्या खोलीवरून मोजायचं तिचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवायचा. तो मिटत असेल तर खोली रेघेने सांभाळली जाते आहे की व्हॉल्व्हने, ते कळणारच नाही.

चढ १.३ला आला आणि आजींची कोपऱ्यातली खोली अडली. बाकी घर २१ अंशांवर, ती १८वर. अशा वेळी सगळ्यांसाठी रेघ वर नेण्याचा मोह होतो. मी नेली नाही. तिथला रेडिएटर नळाच्या शेवटच्या टोकाला होता, वाटेतले रेडिएटर पाणी आधीच ओढून घेत होते. थर्मोस्टॅटची टोपी काढली की खाली व्हॉल्व्हवर प्रवाह आवळायची आकड्यांची कडी असते. कारागिराला बोलावून जवळच्या रेडिएटरांच्या कड्या आवळून घेतल्या, आणि ती खोली दोन दिवसांत वीसला आली. पाणी नीट वाटल्याशिवाय रेघ खाली येत नाही.

बाहेरची डबी सगळं जाणत नाही, हेही खरं. दक्षिणेच्या खिडकीतलं ऊन, जेवायला आलेली दहा माणसं तिला कळत नाहीत. त्या उष्णतेसाठी व्हॉल्व्ह राहू द्यायचे. वारा तिला कळत नाही. रात्री रेघ खाली सरकवली तर सकाळी घर तापायला वेळ लागतो, कारण हिशोबाने पाणी जेमतेम पुरेल एवढंच असतं. आम्ही रात्रीची घट थोडीच ठेवली. आणि सौम्य दिवशी अडीच किलोवॉट लागत असताना बॉयलर पाचाच्या खाली उतरू शकत नसेल, तर तो पेटत-विझत राहणारच. गरजेपेक्षा मोठ्या बॉयलरचा हा दोष रेघ घालवू शकत नाही. अंघोळीच्या टाकीचा तर या रेघेशी संबंधच नाही. लीजिओनेला जिवाणू वाढू नयेत म्हणून ती साधारण ६० अंशांवर ठेवतात, आणि ती तापताना बॉयलर तेवढा वेळ रेघ सोडून देतो.

ही वही पुढेही उपयोगी पडणार आहे. बॉयलर काढून हीट पंप बसवायचा झाला तर कारागीर पहिला प्रश्न विचारतात की कडाक्याच्या दिवशी घराला किती अंशांचं पाणी लागतं. ५५च्या आत भागत असेल तर पंप बरा चालतो, आणि पाणी एक अंशाने खाली आलं की वीज दोन-अडीच टक्के वाचते.

आमचा चढ १वर थांबला. शून्य अंशाला ४६, पाचला ४१. इतकं खाली येता आलं याचं कारण नंतर उमगलं: मागच्या मालकांनी खिडक्या बदलल्या होत्या, भिंतींवर बाहेरून थर चढवला होता, पण रेडिएटर जुन्या गळक्या घराच्या मापाचेच राहिले होते. फेब्रुवारीत एका पहाटे बाहेर उणे ११ झाले. मी तळघरात गेलो. जाणारं पाणी ५७, परतीचं ४७. वर आजींच्या खोलीत वीस. आणि बॉयलरखालच्या पांढऱ्या नळीतून त्या थंडीतही टप टप पाणी गळत होतं.